मर्लचा बाक सुटल्यावर

१४ मार्च, गुरुवार

बावीस वर्षांत पहिल्यांदाच गुरुवारच्या संध्याकाळी मी मर्लच्या गॅरेजकडे फिरकले नाही. घरी बसून मक्याचं सूप गरम केलं आणि त्यातलं अर्धं शेगडीवर सांडलं.

काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हटलं की आर्डिथच भांडकुदळ, तर दाखवता येईल. गेल्या गुरुवारी नेहमीसारखी गेले. हातात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबा आणि त्याच्यासाठी डोनट. माझा सख्खा थोरला भाऊ दारातच उभा. माझे साचे, टोप्या बसवायचं हत्यार, भिंग, सगळं एका खोक्यात भरून उंबऱ्यावर ठेवलेलं.

"तुझं सामान ने. बाकावर जागा पुरत नाही."

"कुणाला पुरत नाही?"

"मला."

त्याचा कामाचा बाक चौदा फूट लांब आहे. त्यावर एखादं प्रेत ठेवलं तरी उरलेल्या जागेत चार माणसं जेवतील.

"मर्ल, माझं काही चुकलं का?"

"जागा नाही, एवढंच." आणि दार लावलं. डोनट मात्र घेतले.

१६ मार्च, शनिवार

माझ्या रायफलीला दुकानातलं काडतूस चालत नाही. उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा भरावी लागते: साच्यात दाबून आकारात आणायची, तळाची ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. आठवड्याला साठ-सत्तर. हे करायचं कुठे? मी मिसेस ब्रुबेकरच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आज त्यांना विचारलं.

"आर्डिथ, माझ्या छपराखाली दारू नको. बाटलीतली नको आणि बंदुकीतलीही नको. तुम्हाला ठाऊक आहे मी कोणत्या चर्चची आहे."

म्हणजे रेंजवरच भरायचं. बरेच जण भरतात. नॉर्म हॉकनबेरी आमच्या नेमबाजी क्लबची रेंज सांभाळतो. तो म्हणाला, दारू क्लबच्या खोलीत कुलपात ठेव, बाकी सामान उचलून नेता येईल असं घे. पहिली स्पर्धा १८ मेला. दोन महिने आहेत. भरपूर झाले.

परत येताना कड्याच्या रस्त्यावर मर्लचा हिरवा ट्रक समोरून आला. मी हात वर केला. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि तसाच निघून गेला.

२३ मार्च, शनिवार

पुंगळ्या दाबायचा छोटा प्रेस आणला. खाली क्लॅम्प, टेबलाच्या कडेला आवळायचा. 'कुठेही नेता येतो' असं खोक्यावर छापलंय. कुठेही नेता येतो, खरंय. लावता कुठेच येत नाही.

क्लॅम्पचा जबडा अडीच इंच उघडतो. रेंजवरची टेबलं सिमेंटची, चार इंच जाड. वीस वर्षं त्या टेबलांवर कोपरं टेकून नेम धरलाय मी आणि मला त्यांची जाडी ठाऊक नव्हती. नॉर्म हसून हसून खोकायला लागला.

"टेबल तासून घेऊ का तुझ्यासाठी?"

"तू तुझी जीभ तासून घे."

शेवटी कुंपणाच्या लाकडी दांडीला लावला. दांडा खाली ओढला की सगळं कुंपण माझ्याबरोबर खाली वाकायचं. नऊ पुंगळ्या झाल्या. सहा वाकड्या.

३० मार्च, शनिवार

प्रेस परत केला. आता पकडीसारखा, दोन्ही हातांनी दाबायचा आणला. त्याला ना टेबल लागतं ना कुंपण. लागतात ती लोहाराची मनगटं. बारा पुंगळ्यांनंतर तळहाताला फोड आला आणि एकोणिसाव्याला फुटला. सोमवारी मला सकाळी सहाला शाळेची बस काढायची आहे. स्टिअरिंग काय दातांनी धरू?

पूर्वी हे काम मर्ल करायचा. तो पुंगळ्या दाबायचा आणि दारू मोजायचा, मी टोप्या आणि गोळ्या बसवायची. दोन तासांत सत्तर. आणि वर त्याचं चालूच: "सावकाश, आर्डिथ. तू काय बटाटे सोलतेयस?" आता सोलतेय एकटीच.

५ एप्रिल, शुक्रवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हॅम आणि घेवड्याचं जेवण होतं. मर्ल एकटाच कोपऱ्यात बसला होता. म्हटलं, आपण धाकट्या, आपण नमतं घेऊ. ताट घेऊन त्याच्या समोर उभी राहिले.

"काय मर्ल!"

"कोण?"

कोण, म्हणे! अठ्ठावन्न वर्षांची बहीण, आणि कोण! मी तोंडात आलेला शब्द गिळला आणि समोर बसले. पाच मिनिटं हवापाण्याचं बोललो. तेवढा सगळा वेळ तो मान तिरकी करून माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे बघण्याचीही त्याला शिसारी येते असं दिसतं. गोडाचा ॲपल पाय न खाताच उठले. आमच्या घराण्यात गोडाचं ताटात टाकून कुणी उठलेलं मला आठवत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

फजिती क्रमांक तीन: इलेक्ट्रिक वजनकाटा. दारू रेतीच्या कणांएवढ्या वजनाने मोजावी लागते आणि काट्याला वाऱ्याची झुळूक सहन होत नाही. आकडे असे नाचतात की मोजणारा वेडा व्हावा. मी ॲपल पाय झाकून न्यायचं प्लॅस्टिकचं झाकण त्यावर पालथं घातलं. वारा थांबला. पण थंड कोरड्या हवेत प्लॅस्टिकला वीज धरते, दारूचे दाणे झाकणाला जाऊन चिकटले. अर्धी दारू झाकणावर, अर्धी वाटीत, आणि आकडा म्हणतो शून्य.

अशा वेळी नेमकं कोण यावं? मर्ल. नॉर्मच्या गाडीतून उतरला. रायफल नाही, काही नाही. या वर्षी त्याने एकदाही नेम धरलेला नाही. निव्वळ माझी गंमत बघायला आला असणार. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, हात पुढे करून माझ्या सामानावरून बोटं फिरवली. काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डळमळतंय सगळं."

"मग तुझ्या बाकावर जागा दे."

त्याने बोटं मागे घेतली. मग म्हणाला, "दारूच्या बाटल्या एका वेळी एकच बाहेर काढ. दुसरी टेबलावर ठेवूसुद्धा नकोस. ऐकतेयस का?"

बावीस वर्षांनी मला पहिलीतला धडा! मी म्हटलं, "तू स्वतःचं बघ."

त्यावर तो हसला. कसलं हसू ते कळलं नाही. मला आवडलं नाही एवढं खरं.

२० एप्रिल, शनिवार

नॉर्मने मला बाजूला बसवलं आणि स्वतःचं सामान समोर मांडलं. लोखंडी बैठकीचा छोटा उभा प्रेस, आपल्या वजनानेच बसतो, क्लॅम्प नको. खाली हातात मावणारे साचे. दारूसाठी काटा नाहीच, फिरकीचं मोजपात्र. बंद खोलीत एकदा काट्यावर जुळवून आणायचं, मग दर फेऱ्याला तेवढीच दारू पडते. सगळं एका मासेमारीच्या पेटीत.

"हे आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कधी? तू तर थेट दुकानात गेलीस."

घेतलं. प्रेस आला, मोजपात्र आलं. साचा तयार मिळतो तोही आणला, आणि त्यात पुंगळी अशी अडकली की हातोडीने काढावी लागली. नॉर्म म्हणाला, हे साचे ज्याच्या त्याच्या रायफलीच्या नळीला जुळवून कापावे लागतात.

"तुझी नळी कापली कोणी?"

त्याला ठाऊक आहे कोणी. माझी नळी मर्लने त्याच्या लेथवर कापली आणि आतलं भोक कातायचं ते हत्यार, रीमर, त्याच्याच खणात आहे.

"आर्डिथ, जाऊन बोल त्याच्याशी."

"तो बोलतोय का माझ्याशी?"

नॉर्मने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मला काही विचारू नकोस," म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं.

२१ एप्रिल, ईस्टर

चर्चहून येताना मर्लच्या घरावरून गेले. ट्रक होता. दार वाजवलं नाही. बसच्या वहीतला कागद फाडून पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली आणि दाराच्या फटीत खोचली. साचा कापून मागितला, नीटच, पण शेवटी एक ओळ जराशी तिखट पडली. पडू दे.

२७ एप्रिल, शनिवार

सहा दिवस झाले. ना हो, ना नाही. फोनही नाही. रेंजवर गेले आणि प्रेसचा लोखंडी गोळा नुसताच टेबलावर ठेवून बघत बसले. आता याला कागदांवर ठेवायचं वजन म्हणून वापरीन. वीस यार्डांवर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झेंड्या फडफडत होत्या. बाकी सगळे उडवत होते.

खरं सांगायचं तर मला सामान नकोच आहे. हे मी फक्त इथे लिहितेय.

८ मे, बुधवार

आज अक्षराकडे बघू नये.

दुपारची फेरी. कड्याच्या रस्त्यावर टेसाचा थांबा. टेसा पहिलीत आहे. बस उभी केली, लाल दिवे लागले, बाजूची थांबा-पाटी बाहेर आली, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचंच. पोर उतरून बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. समोरून ट्रक येत होता. मला वाटलं थांबेल. थांबला नाही. मी भोंग्यावर हात मारला आणि उठवला नाही. टेसा जागच्या जागी खिळली, बूट जेमतेम रस्त्याच्या मधल्या रेषेवर. ट्रक तिच्यापासून दोन हातांवरून गेला.

घाईत नव्हता. ब्रेकसुद्धा लावला नाही. सावकाश, रोजच्यासारखा. हिरवा ट्रक. मर्ल सरळ समोर बघत होता.

टेसाच्या आईने तिला उचललं आणि माझ्याकडे बघून ओरडली, "कोण होता तो? पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं," मी म्हटलं.

डेपोत पोलिसांचा अर्ज भरावा लागतो. ट्रकचा नंबर कुठे न बघताच लिहिला. तोंडपाठ आहे. हवालदाराने विचारलं, चालकाला ओळखता? मी म्हटलं, हो, आणि नावही लिहिलं. लिहिताना वाटत होतं, माझ्यावर राग असेल त्याचा, शंभर वेळा असो. पण एवढा? पोरीच्या अंगावरून? मर्ल असा माणूस नाही. मग कसा आहे?

९ मे, गुरुवार

चार वाजता गेले. तो मागच्या पायरीवर बसला होता.

"काल माझी बस पाहिलीस?"

"कुठली बस?"

"पिवळी, मर्ल! चाळीस फूट लांब, लाल दिवे लावलेली! पुढे टेसा होती. सहा वर्षांची पोर."

त्याचा चेहरा मी आधी कधी असा पाहिलेला नाही. "तिथे बस होती?" म्हणाला. मग, "भोंगा ऐकला मी. म्हटलं, मागे कुणीतरी घाईत आहे. पोर?"

"ठीक आहे."

त्याने दोन्ही हातांनी पायरीची कड धरली.

मी हात त्याच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं?"

"असले खेळ माझ्याशी करू नकोस."

"किती?"

त्याने मान तिरकी केली आणि माझ्या खांद्याशेजारी बघितलं. हॉलमध्ये बघितलं होतं तसंच. "तीन," म्हणाला. "बाजूने बघितलं तर तीन. सरळ बघितलं तर तुला हातच नाही. तोंडही नाही. मधोमध एक करडा डाग आहे, आणि जिकडे बघीन तिकडे तो माझ्याआधी पोचतो."

जानेवारीत नॉर्म त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. चष्म्याने जाणारं नाही ते. नॉर्मला शपथ घातली होती.

"आणि बाक?"

तो उठून आत गेला, मी मागून. स्वयंपाकघरात बसून सांगितलं. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. मी घरी गेल्यावर तो माझ्या उरलेल्या पुंगळ्यांत दारू भरत बसला. वीस भरून झाल्यावर बाटली उचलली तर झाकणावरच्या खाचा बोटाला वेगळ्या लागल्या. बाटली चुकीची होती. पिस्तुलाची दारू, जलद जळणारी. माझ्या रायफलीत ती उडाली असती तर नळी फाटून तोंडावर आली असती.

"तुझ्या तोंडावर, आर्डिथ. सगळ्या उकलून रिकाम्या केल्या मी. एकेक. सकाळ झाली."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस ना!"

"सांगितलं असतं तर तू ट्रकची किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"तेच तर."

फ्रिजवर चुंबकाखाली माझी चिठ्ठी होती. त्याने ती काढून पुढे केली. "कागद तुझ्या बसचा, एवढं हाताला कळलं. पेन्सिल मला दिसत नाही. वाच काय आहे ते."

मी वाचली. साचा कापून दे, रीमर तुझ्याकडे आहे, स्पर्धा अठराला आहे. शेवटची ओळ मी वाचली नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

मग किल्ली मागितली. दिली नाही. मी खुंटीवरून काढली. तो म्हणाला, "चोर." मी म्हटलं, पोलिसांत अर्जही दिलाय, तुझं नाव घालून. त्यावर त्याने खुर्ची मागे ढकलली. "बहीण आहेस की हवालदार? नीघ माझ्या घरातून."

निघाले. त्याचं घर गावापासून आठ मैलांवर आहे. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे आणि मला चोरासारखंच वाटतंय. दोन महिने त्याने माझ्याकडे बघितलं नाही म्हणून मी जळत होते. बघत होता बिचारा. जसं जमेल तसं बघत होता.

१० मे, शुक्रवार

नॉर्मला फोन करून दहा मिनिटं शिव्या दिल्या. तो म्हणाला, "झाल्या? मला जानेवारीपासून झोप नाही." मग मी आणखी पाच मिनिटं दिल्या.

मर्लच्या दारात दूध, पाव आणि अंडी ठेवून आले. आत रेडिओ चालू होता. दार उघडलं नाही.

१२ मे, रविवार

सकाळी फोन.

"कोरा साचा आणलायस का?"

"पेटीत आहे. न कापलेला, एप्रिलपासून पडलाय."

"मग काय आमंत्रण छापू?"

गॅरेजमध्ये लेथवरचं फडकं काढलेलं होतं. बावीस वर्षांत त्याने मला लेथला हात लावू दिलेला नाही. आज मला पुढे उभं केलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसला.

"मला येत नाही, मर्ल."

"मला दिसत नाही. दोघांनी मिळून निम्मा कामगार होईल. चाक फिरव. हळू! तू काय बटाटे—"

"बटाटे सोलतेय का, ठाऊक आहे. आकडा वाचू?"

"आधी कान दे. किंचाळतोय तो. तेल घाल. आता पुन्हा."

तीन तास लागले. त्यात दोनदा भांडलो. एकदा मी हत्यार खाली टाकून अंगणात निघून गेले, आणि तो आतून ओरडला, जायचं तर लेथ बंद करून जा, वीज काय तुझ्या बसची आहे? परत आले. आकडे मी वाचत होते, दर वेळी पुंगळी आत सरकवून बोटाने अंदाज तो घेत होता. एक वाजता पुंगळी साच्यात गेली आणि अंगठ्याच्या एका दाबाने बाहेर आली. त्याने ती पुन्हा घातली, पुन्हा काढली. चार वेळा. चांगलं झालं असं काही म्हणाला नाही.

जेवताना त्याने हॅरिसबर्गच्या परवाना कार्यालयाचं पत्र पुढे ठेवलं. लायसन्स तूर्त जप्त, डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. मी सगळं वाचलं, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. तो म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

"तपासणीला जाणार नाही मी. काय सांगतील ते मला माहीत आहे." मग बशीवर काटा फिरवत म्हणाला, "त्या पोरीच्या आईला काहीतरी लिहायचं आहे. मी सांगतो, तू लिही. तिखट घालू नकोस."

चिठ्ठीची शेवटची ओळ त्याला कुणी वाचून दाखवली होती का, ते मी विचारलं नाही.

१८ मे, शनिवार

पहाटेपासून ढग, वारा उजवीकडून. मर्लला घेऊन गेले. गाडीत एक शब्द नाही. टेबलावर पेटी उघडली: प्रेस, मोजपात्र, साचा, टोप्यांचं हत्यार. दारूची बाटली एकच. सगळं दोन हातांच्या जागेत मावलं आणि काही डळमळलं नाही. दोन महिने ज्यासाठी तडफडले ते हे. बघून काहीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

नॉर्म नेहमीसारखा यादी वाचत होता. सवयीने त्याने वाचलं, "झर्बे, मर्ल. टेबल सहा." वाचलं आणि थबकला. सगळे माझ्या शेजारी बघू लागले.

मर्ल उठला. टोपी हातात घेतली. "माझं नाव काढ, नॉर्म. मला निशाण दिसत नाही. हिवाळ्यापासून दिसत नाही. ट्रक चालवत होतो तोही चालवायला नको होता." मग म्हणाला, "आज हिच्या पुंगळ्या पुसायला आलोय."

 नॉर्म यादीवर रेघ मारत म्हणाला, "पुसायला तरी येतात का नीट?"

"तुझ्यापेक्षा बऱ्या," मर्ल म्हणाला आणि बसला.

पहिल्या फेरीत वाईट. दुसरीत बरी. चौथी गोळी बाहेर गेली आणि मी टेबलावर मूठ आपटली. मर्ल म्हणाला, "तू श्वास धरून ठेवलास." मी म्हटलं, तुला काय दिसलं? तो म्हणाला, "ऐकू आलं." एकविसांत अकरावी आले. घरी गेल्यावर चिडायला पुष्कळ वेळ आहे.

शेवटच्या फेरीआधी पंधरा पुंगळ्या भरायला घेतल्या. मी टोपी बसवायची, तो प्रत्येक पुंगळी फडक्याने पुसून, तोंडावरून बोट फिरवून माझ्या हातात द्यायचा. एकीवर बोट थांबलं. पुन्हा फिरवलं.

"ही नको. तोंडाशी बारीक चीर आहे."

मी ती उजेडात धरली. भिंगाखाली धरली, सगळीकडून फिरवली. काही नव्हतं. पितळ अगदी साफ, नव्यासारखं. तो मान तिरकी करून वाट बघत होता.

"आहे," मी म्हटलं आणि बाजूला ठेवली.

चौदा पुरल्या.